रिअल टाइम स्ट्रॅटेजी गेम: अगदी नवख्यांनी सुरुवात कुठून करावी?

अनुजा_के

नमस्कार मंडळी.

मी आणि नवरा, दोघंही चाळिशीतले, नाशिककर. रात्री जेवणं आटपली की तासभर बुद्धिबळ नाहीतर रमी, हा आमचा बऱ्याच वर्षांचा नेम. आता एकमेकांविरुद्ध न खेळता, दोघांनी एका बाजूने कॉम्प्युटरशी लढता येईल असं काहीतरी हवंय. भाच्याने आरटीएस हा प्रकार दाखवला. वरून दिसणारा नकाशा, माणसं लाकूड तोडतायत, शेती करतायत, घरं बांधतायत आणि त्याच वेळी नकाशाच्या दुसऱ्या टोकाला लढाई जुंपलेली. आता माझी पाळी, मग तुझी पाळी असलं काही नाही, सगळे एकदमच खेळतात. मला हे फार आवडलं. पण भाच्याचा हात कीबोर्डवर ज्या वेगाने चालतो तो बघून नवरा म्हणाला, "हे आपल्याला झेपेल का?"

तर विचारायचं हे, की पहिला गेम कोणता घ्यावा? आमच्याकडे दोन साधे लॅपटॉप आहेत, आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. फुकट असेल तर उत्तमच, नाहीतर माणशी हजारेक रुपयांपर्यंत खर्च चालेल. इंटरनेटवर अनोळखी लोकांशी खेळायची हौस नाही. सावकाश शिकता आलं पाहिजे आणि मध्ये दूध उतू जायला लागलं तर थांबवताही आलं पाहिजे.

रानवारा

एज ऑफ एम्पायर्स २. धाग्याचं काम झालं. :)

तोफखाना

रानवाराला अनुमोदन, पण जरा सविस्तर लिहितो, कारण नुसतं नाव सांगून नवखा माणूस उभा राहत नाही.

एज ऑफ एम्पायर्स २ मूळचा १९९९ चा. आता घ्यायचा तो २०१९ ला आलेली डेफिनिटिव्ह एडिशन. वीस-पंचवीस वर्षं झाली तरी लोक तो सोडत नाहीत, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांना कळते. मेंढी म्हणजे अन्न, झाड म्हणजे लाकूड, भालाईत घोडेस्वाराला भारी, घोडेस्वार तिरंदाजाला भारी. अवकाशातला कुठला तरी वायू गोळा करून कुठला तरी प्राणी जन्माला घालायचा आणि त्याचा उपयोग पाठ करायचा, ही भानगड नाही.

शिकायला आत विल्यम वॉलेस ह्या स्कॉटिश योद्ध्याची मोहीम आहे, ७ मिशन्सची. पहिल्या मिशनमध्ये फक्त चालायचं आणि लढायचं. दुसऱ्यात अन्न-लाकूड गोळा करायचं. तिसऱ्यात सैन्य तयार करायचं. चौथ्यात सुधारणा. असं एकेक बोट धरून पाचव्यात तुम्हाला थेट स्टर्लिंगच्या लढाईत नेऊन सोडतात. इतकी नीट लावलेली शिकवणी मी दुसऱ्या कुठल्या जुन्या गेममध्ये पाहिलेली नाही.

वेगही आपल्या हातात. कॉम्प्युटरशी खेळताना स्लो, कॅज्युअल, नॉर्मल, फास्ट असे पर्याय असतात. पहिले काही आठवडे खुशाल स्लोवर खेळा. एकट्याने खेळताना एफ-थ्री दाबलं की गेम थांबतो. दूध उतरवून या.

दोघांनी खेळायचं तर लॉबी (खेळाडू जमायची खोली) उघडून दोघं एका टीममध्ये, समोर कॉम्प्युटर. त्याची पातळी 'ईझिएस्ट'पासून 'एक्स्ट्रीम'पर्यंत ठरवता येते.

केतकी_म

तोफखाना, स्टारक्राफ्टला एवढा टोमणा का? :)

अनुजाताई, माझं मत वेगळं आहे. स्टारक्राफ्ट २ घ्या, तोच तो अवकाशातला गेम. २०१७ च्या नोव्हेंबरपासून 'विंग्ज ऑफ लिबर्टी' ही त्याची पूर्ण पहिली मोहीम फुकट आहे. डेमो वगैरे नाही, २०१० ला पैसे देऊन विकली गेलेली अख्खी मोहीम.

प्रत्येक मिशनमध्ये साधारण एक नवीन युनिट हातात देतात आणि त्या युनिटचाच उपयोग व्हावा असा प्रसंग रचतात. एका मिशनमध्ये ठरावीक वेळाने लाव्हा वर येतो आणि खालची जमीन बुडते, म्हणजे खनिज गोळा करणारी माणसं वेळेत उंचवट्यावर न्यायची. एकात धावत्या आगगाड्या लुटायच्या. एकात नुसतं २० मिनिटं टिकून राहायचं, शत्रूच्या लाटा येत राहतात आणि तुम्ही बंकर दुरुस्त करत बसता. प्रत्येक वेळी काम वेगळं असल्यामुळे कंटाळा येत नाही. आणि 'कॅज्युअल' पातळीवर नवखा माणूस आरामात पार पडतो.

शिवाय तुमची मुख्य अट दोघांनी मिळून खेळायची. स्टारक्राफ्ट २ मध्ये को-ऑप नावाचा वेगळा विभागच आहे: दोन माणसं, समोर कॉम्प्युटर, ठरलेली कामगिरी, साधारण अर्ध्या तासात निकाल. रेनॉर, केरिगन आणि आर्टानिस हे तीन सेनापती पूर्ण फुकट. बाकीचे पाचव्या लेव्हलपर्यंत. तेवढ्यातच कितीतरी संध्याकाळी जातील.

तोफखाना

@केतकी_म, टोमणा नव्हता, खरंच. को-ऑपचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात आला नव्हता. पण नवख्या माणसाला स्टारक्राफ्टचा वेग सोसत नाही हे मी अनेकांचं पाहिलंय. एओईमध्ये (म्हणजे एज ऑफ एम्पायर्समध्ये) दोन फौजा भिडल्या तर तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. स्टारक्राफ्टमध्ये मान वळवून बघेपर्यंत अर्धी फौज गारद. मोहिमेत चालून जातं, मोकळ्या डावात नाही.

केतकी_म

त्यांना मोकळा डाव खेळायचाच कुठे आहे? "अनोळखी लोकांशी खेळायची हौस नाही" हे वाक्य वर लिहिलंय. मोहीम आणि को-ऑप एवढंच खेळायचं असेल तर वेगाचा मुद्दा बराचसा निकालात निघतो.

ओम्या

एक सांगू का, दोघांनीही रँक्ड, म्हणजे इंटरनेटवर इतरांशी रेटिंग लावून, खेळायला सुरुवात करा. कॉम्प्युटरशी खेळून वाईट सवयी लागतात. कॉम्प्युटर एकाच पद्धतीने हल्ला करतो, आपण एकाच पद्धतीने अडवतो, आणि मग माणसासमोर बसलं की काहीच येत नाही. एओई २ मध्ये प्रत्येक जण १००० रेटिंगवर सुरू होतो. पहिले डाव हराल, रेटिंग खाली जाईल, आणि मग आपोआप तुमच्याच पातळीचे लोक समोर येतील. शिकायचा हाच खरा रस्ता.

सुलभाताई

ओम्या, तुझं तुझ्या वयाला बरोबर आहे बाळा, पण प्रत्येकाला स्पर्धा करायची नसते. मी निवृत्त आहे, संध्याकाळी हे गेम खेळते, आणि माझ्या उजव्या मनगटाला सतत क्लिक करणं सोसत नाही. म्हणून गेम निवडताना मी पहिली चौकशी काय करते, तर तो थांबवून ठेवलेला असताना आज्ञा देता येतात का. कंपनी ऑफ हीरोज ३ मध्ये एकट्याने खेळताना तशी सोय आहे. थांबवायचं, प्रत्येक तुकडीला काय करायचं ते निवांत सांगायचं, मग चालू करायचं. दे आर बिलियन्समध्येही थांबवून सगळं बांधकाम मांडता येतं. तो गेम मात्र अवघड आहे हो, एक झोंबी आत शिरला की अख्खी वस्ती जाते. अनुजा, पहिला म्हणून तो नको घेऊस.

आणि कंपनी ऑफ हीरोज ३ तुझ्या लॅपटॉपवर चालणार नाही. सोयीची माहिती म्हणून लिहिलं.

निळासावळा

नॉर्थगार्डचं नाव कुणीच कसं घेतलं नाही?

वायकिंग लोकांचा गेम, २०१८ चा, शिरो गेम्सचा. नकाशा छोट्या छोट्या प्रदेशांत विभागलेला असतो. एका प्रदेशात ठरावीकच इमारती बांधता येतात, त्यामुळे कुठे काय बांधायचं हा विचार आधी, हाताचा वेग नंतर. माणसं तुम्ही बनवायची नाहीत. वस्तीत लोक खूश असले की नवीन माणूस आपोआप येतो, तुम्ही त्याला कामाला लावायचं. फौजही मोठी नसते, मूठभर योद्धे. आणि दरवर्षी हिवाळा येतो. अन्नाचं उत्पन्न घटतं, लाकूड जास्त जळतं. पहिल्या हिवाळ्याआधी साठा केला नाही तर लोक उपाशी राहतात.

मला विचाराल तर बुद्धिबळ खेळणाऱ्यांना हाच गेम जास्त भावेल. जिंकायचे रस्तेही अनेक: लढून, व्यापार करून, ज्ञान मिळवून, कीर्ती मिळवून. 'कॉन्क्वेस्ट' नावाचा प्रकार दोघांनी मिळून खेळता येतो.

रानवारा

@निळासावळा, बरोबर आहे, पण लढाईची मजा नाही त्यात. पंधरा-वीस माणसं इकडून, पंधरा-वीस तिकडून. अनुजाताईंना भाच्याच्या गेममधली ती जुंपलेली लढाई आवडलीय.

निळासावळा

ज्याला सगळं एकदम सांभाळायची भीती वाटते त्याला आधी एक बाजू शिकू दे की. वस्ती सांभाळता आली की फौज येतेच.

लिनक्सवाला_बाप्पा

पैसे खर्च करण्याआधी ० ए.डी. बघा. पूर्ण फुकट, मुक्त स्रोत, वाइल्डफायर गेम्स नावाचा स्वयंसेवकांचा गट बनवतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो. सुरुवात झाली होती एओई २ चं मॉड (चाहत्यांनी मूळ गेममध्ये केलेला बदल) म्हणून, पुढे स्वतंत्र गेम झाला. खेळायची रीत बरीचशी एओईसारखीच, त्यामुळे इथे शिकलेलं तिथे उपयोगी पडतं.

आपल्याला खास आनंद व्हावा अशी गोष्ट म्हणजे त्यात मौर्य आहेत. त्यांना कामाचा हत्ती मिळतो. तो हत्ती जंगलापाशी नेऊन उभा करायचा आणि लाकूडतोड्यांनी मोळी त्याच्यापाशीच आणून टाकायची, प्रत्येक वेळी कोठार बांधायची गरज नाही. मी पहिल्यांदा तो हत्ती झाडांमध्ये डुलत चाललेला पाहिला तेव्हा लढाई बाजूला ठेवून त्याच्याकडेच बघत राहिलो.

उणी बाजूही सांगतो. दोन्हीकडे मोठी फौज झाली की गेम अडखळतो, साध्या लॅपटॉपवर जास्तच. आणि वॉलेससारखी टप्प्याटप्प्याने शिकवणारी मोहीम नाही. धडे आहेत, पण मोजकेच.

गडकोट

विषय निघालाच आहे तर विचारतो. मराठे असलेला आरटीएस आहे का एखादा?

परदेशी_पाटील

@गडकोट, एम्पायर: टोटल वॉर, २००९. मराठा कॉन्फेडरसी घेऊन खेळता येतं. पण तो शुद्ध आरटीएस नाही. मोठ्या नकाशावर पाळीपाळीने चाल करायची, लढाई मात्र प्रत्यक्ष वेळेत. लढाई थांबवून आज्ञा देता येतात, म्हणजे सुलभाताईंच्या अटीत बसतो.

गडकोट

वा! पण तो गेम १७०० ला सुरू होतो ना? त्या साली राजाराम महाराज गेले, ताराराणींनी सूत्रं हातात घेतली. ज्याला कॉन्फेडरसी म्हणतात, शिंदे-होळकर-गायकवाड-भोसले, ते तर नंतर पेशव्यांच्या काळात उभं राहिलं.

परदेशी_पाटील

अगदी बरोबर. नाव पुढचं, साल आधीचं. तरीही मराठ्यांची फौज घेऊन उभं राहायला मिळतं ह्याचा आनंद वेगळाच. मी जर्मनीत राहतो, भाऊ ठाण्यात. आम्ही एओई २ खेळतो, शनिवारी माझी दुपार आणि त्याची संध्याकाळ. आईला फोनवर कळतं की दोघं गप्प आहेत म्हणजे लढाई चालू आहे.

एओई २ मध्ये २०२२ ला 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' आलं. बंगाली, द्रविड, गुर्जर असे तीन नवे समाज, आणि आधीच्या 'इंडियन्स'ना हिंदुस्तानी हे नाव मिळालं. राजेंद्र चोळाची पूर्ण मोहीम आहे त्यात. ते वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि नवख्यांसाठी नाही, पण पुढे जाऊन जरूर खेळा.

गडकोट

तोफखानांनी स्टर्लिंगचं लिहिलंय म्हणून एक. वॉलेसच्या मोहिमेत शेवटचं मिशन फाल्कर्क आहे आणि ते तुम्ही जिंकता. इतिहासात १२९७ ला स्टर्लिंग ब्रिजला वॉलेस जिंकला, पण पुढच्याच वर्षी फाल्कर्कला हरला. मुलांना खेळायला देताना तेवढं सांगावं.

ढवळेवाडी

क्लॅश ऑफ क्लॅन्स ह्यातच येतो का? तो मला चांगला जमतो.

केतकी_म

@ढवळेवाडी, नाही. तिथे तुम्ही सैन्य सोडता आणि पुढे ते आपल्या बुद्धीने लढतं. एकदा सोडलेल्या माणसाला मागे बोलावता येत नाही. आणि इमारत पूर्ण व्हायला तास, दिवस वाट बघायची. आरटीएसमध्ये प्रत्येक माणूस शेवटपर्यंत तुमच्या हातात असतो.

दादा_बारामतीकर

सगळ्यांनी गेमची नावं सांगितली, पण नवखा माणूस हरतो कशामुळे हे कुणी सांगितलं नाही. गेम कुठलाही घ्या, कारण एकच असतं. तो माणसं बनवायचं थांबवतो.

एओई २ चंच सांगतो. डाव सुरू झाला की ३ व्हिलेजर (कामकरी), १ स्काउट (टेहळ्या) आणि एक टाउन सेंटर (मुख्य इमारत, व्हिलेजर इथेच तयार होतात). हाताशी २०० अन्न, २०० लाकूड. एक व्हिलेजर ५० अन्नाचा, तयार व्हायला २५ सेकंद. म्हणजे हातात चार माणसांचं अन्न आहे. पहिल्या सेकंदाला एच दाबायचं, टाउन सेंटर निवडलं जातं, आणि चार व्हिलेजर रांगेला लावायचे. पण टाउन सेंटर फक्त ५ माणसांना पुरतं आणि तुमच्याकडे ४ आहेतच. म्हणून लगेच दोन व्हिलेजरांना घर बांधायला लावायचं, २५ लाकडाचं. तिसऱ्याने दुसरं घर. स्काउटने टाउन सेंटरभोवती घिरट्या घालून मेंढ्या शोधायच्या. नवीन येणारा प्रत्येक माणूस मेंढीवर. मेंढी टाउन सेंटरच्या अगदी दाराशी आणून मारायची, म्हणजे अन्न टाकायला चालत जावं लागत नाही. सहाएक माणसं अन्नावर लागली की पुढचे लाकडावर.

बस्स. पहिली काही मिनिटं एवढंच नीट करायचं. टाउन सेंटर एक क्षणही रिकामं बसता कामा नये. पहिल्याच मिनिटाला भिंती बांधत बसणारा खेळाडू म्हणजे मृगाची वाफ सोडून कुंपण घालणारा शेतकरी. पेरलंच नाही तर राखणार काय?

नवखा कसा हरतो बघा. लढाई बघायला नजर तिकडे जाते, इकडे टाउन सेंटर मोकळं. पाच मिनिटांनी परत येतो तेव्हा समोरच्याकडे दुप्पट माणसं. आणि त्याला वाटतं आपण लढाईत हरलो.

तोफखाना

@दादा_बारामतीकर, ह्याहून नेमकं कुणी लिहू शकणार नाही. त्यात भर: डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये 'आर्ट ऑफ वॉर' नावाचे छोटे धडे आहेत. त्यातला पहिला नेमका ह्याच गोष्टीचा, सुरुवातीची अर्थव्यवस्था. वेळ मोजतात, पदक देतात. वॉलेस संपला की तो करा.

आणि रानडुक्कर. नकाशावर टाउन सेंटरजवळ रानडुकरं असतात, भरपूर अन्न, पण अंगावर येतात. एका व्हिलेजरने बाण मारायचा आणि लगेच टाउन सेंटरकडे पळत सुटायचं. डुक्कर मागे येतं, तिथे बाकीचे टपलेले असतात. सुरुवातीला हे नाही जमलं तरी चालेल, डुकराच्या वाटेला जाऊ नका, शेतं करा. डेफिनिटिव्हमध्ये शेतं आपोआप पुन्हा पेरली जातात.

ओम्या

दादांचा मुद्दा शंभर टक्के. आणि मी माझं मत थोडं बदलतो. स्लो स्पीडवर दादांनी सांगितलेलं रोज एकदा करायचं, लढाईच करायची नाही, फक्त दुसऱ्या युगापर्यंत जायचं. त्या युगाला, म्हणजे फ्यूडलला, ५०० अन्न लागतं. टाउन सेंटर न थांबवता ते ५०० कधी जमतात एवढंच बघायचं. माझ्या धाकट्या बहिणीला असंच शिकवलं, ती आता मला हरवते.

सुलभाताई

हे आवडलं मला. :) आणि कीबोर्डचं सांगू का, एकदम सगळ्या हॉटकी पाठ करायला जाऊ नये. एच म्हणजे टाउन सेंटर आणि पूर्णविराम म्हणजे रिकामा बसलेला व्हिलेजर. ह्या दोन खुणा बोटांत बसल्या की अर्धी धावपळ कमी. माझ्या मनगटाला ह्यानेच आराम पडला.

मीरा_वि

थोडं वेगळं. एज ऑफ मिथॉलॉजीची २०२४ ला 'रिटोल्ड' म्हणून नवी आवृत्ती आली. त्यात व्हिलेजर आपोआप बनत राहतील अशी सोय आहे, आणि कोणत्या कामाला किती माणसं लावायची हे प्राधान्य ठरवून दिलं की ती स्वतः वाटली जातात. म्हणजे दादांनी सांगितलेलं मुख्य दुखणंच गेम सांभाळतो. ग्रीक, इजिप्शियन, नॉर्स देव, आकाशातून वीज पाडायची. माझ्या आठवीतल्या मुलाने आणि मी त्यातूनच सुरुवात केली. लॅपटॉप मात्र बरा हवा आणि किंमत तुमच्या हजारात बसणार नाही.

दादा_बारामतीकर

@मीरा_वि, सोय चांगली आहे, पण मला वाटतं आधी हाताने करून बघावं. गेमने माणसं वाटून दिली की का वाटली हे कळत नाही.

मीरा_वि

दादा, प्रत्येकाची शिकायची रीत वेगळी. माझ्या मुलाला आधी लढाई आवडली, मग त्याने स्वतःहून ती सोय बंद करून बघितली. गोडी लागली की माणूस खोलात जातो. उलट्या क्रमाने गेलं तर काही जण गोडी लागायच्या आधीच सोडून देतात.

निळासावळा

मीराताईंशी सहमत. हा धागा वाचून नवखा माणूस घाबरेल अशी मला भीती वाटते. २५ सेकंद, ५०० अन्न, रानडुक्कर! पहिल्या रात्री मजा आली पाहिजे. एवढंच.

परदेशी_पाटील

दोघांनी एकत्र खेळायचं ह्यावर एक जुनी आठवण. मूळच्या एओई २ मध्ये दोन खेळाडूंनी लॉबीत एकच क्रमांक घेतला की एकच राज्य दोघांच्या हातात यायचं. कॉलेजजवळच्या कॅफेत आम्ही दोघं भाऊ असेच खेळायचो. त्याच्याकडे शेती-लाकूड, माझ्याकडे फौज. तो ओरडायचा, "सोनं संपलं, घोडे बनवू नकोस!" आणि मी बनवायचो. नवरा-बायकोसाठी ह्यासारखी सुरुवात नाही. सगळं सांभाळायचं दडपण दोघांत वाटलं जातं. स्टारक्राफ्ट २ मध्येही २०१५ ला 'लेगसी ऑफ द व्हॉइड'बरोबर हाच प्रकार 'आर्कॉन मोड' म्हणून आला.

केतकी_म

आर्कॉन मोड मी विसरलेच होते! खूप छान सुचवलंत.

अनुजा_के

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. "टाउन सेंटर रिकामं बसता कामा नये" हे आता घरात कुणी लोळत पडलं की म्हटलं जातं.

एक शंका. एओई २ डेफिनिटिव्ह घेतला आणि लॅपटॉपवर चालला नाही तर पैसे गेले का?

तोफखाना

स्टीम ह्या ऑनलाइन दुकानातून घ्या. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परतावा मिळतो. तेवढ्यात लॅपटॉपवर चालतो की नाही हे नक्की कळतं. जास्त बारीक चित्रांचा एक वेगळा पॅक ऐच्छिक आहे, तो उतरवू नका, साध्या लॅपटॉपला विनाकारण ओझं. गेममध्येच बेंचमार्क नावाची चाचणी आहे, ती एकदा चालवा. आणि घाई नसेल तर सेलची वाट बघा, किंमत बरीच उतरते.

केतकी_म

आणि तोवर स्टारक्राफ्टची मोहीम फुकट आहेच. :)

अनुजा_के

अपडेट देते. सेलमध्ये दोघांसाठी एओई २ घेतला. दोन्ही लॅपटॉपवर व्यवस्थित चालतोय, तो जड पॅक घेतला नाही. नवऱ्याने दरम्यान केतकींचं ऐकून स्टारक्राफ्टची मोहीमही सुरू केलीय आणि तो लाव्हाच्या मिशनवर आहे. निळासावळा, नॉर्थगार्ड पुढच्या सेलसाठी लिहून ठेवलाय.

वॉलेसची मोहीम दोघांनी वेगवेगळी पूर्ण केली. मला स्टर्लिंग फार आवडलं. आता दोघं एका टीममध्ये, समोर दोन कॉम्प्युटर, 'स्टँडर्ड' पातळी, स्लो स्पीड. मी फ्रँक्स घेते, तो ब्रिटन्स. माझी शेती त्याच्यापेक्षा चांगली चालते. :) दोन डाव जिंकलो.

मग काल पातळी 'मॉडरेट' केली. फ्यूडलमध्ये असतानाच समोरून तिरंदाजांचा घोळका आला आणि लाकूडतोड्यांवर बाण मारायला लागला. मी भालाईत काढले, ते तिरंदाजांपर्यंत पोचायच्या आधीच आडवे. मागे हटलो की ते पुढे येतात. ह्यावर उपाय काय?

रानवारा

भालाईत घोड्यांसाठी. तिरंदाजांसमोर स्कर्मिशर, म्हणजे लांबून भाले फेकणारे.

दादा_बारामतीकर

रानवाराने सांगितलं तेच. स्कर्मिशर २५ अन्न आणि ३५ लाकडाचा, सोनं अजिबात लागत नाही. तिरंदाजाला ४५ सोनं लागतं. म्हणजे त्याचे मेले की त्याला महाग पडतं, तुमचे मेले तर शेतं आणि झाडं आहेतच. आर्चरी रेंज एक बांधा, तिथे स्कर्मिशर रांगेला लावा, आणि पाच-सहा झाल्याशिवाय पुढे पाठवू नका. एकेकटा पाठवला तर तोही जातो. तुमचे ब्रिटन्सवाले साहेब तिरंदाजच बनवत असतील, त्यांना तुमच्या स्कर्मिशरांच्या मागे उभं राहायला सांगा. तोवर लाकूडतोड्यांना टाउन सेंटरमध्ये घ्या. आत माणसं असली की तिथून जास्त बाण सुटतात.

तोफखाना

आणि तुम्ही फ्रँक्स आहात. कॅसल एजला, म्हणजे तिसऱ्या युगाला, पोचलात की तिरंदाजांवर नाइट्स (चिलखती घोडेस्वार) सोडा, फ्रँक्सच्या घोडेस्वारांना जास्त प्राण असतात. कॅसलला ८०० अन्न आणि २०० सोनं लागतं. स्कर्मिशरांनी दार धरून ठेवा, मागे शेतं वाढवा.

अनुजा_के

आज रात्री आर्चरी रेंज. उद्या लिहिते.